मताचे वय आणि मतदाराचा पत्ता

१३ डिसेंबर १९८८ रोजी केंद्रीय मंत्री बी. शंकरानंद यांनी लोकसभेत एक घटनादुरुस्ती विधेयक मांडले. त्याचा गाभा जेमतेम एका ओळीचा होता: राज्यघटनेच्या कलम ३२६ मध्ये ‘एकवीस वर्षे’ आहे तिथे ‘अठरा वर्षे’ असे वाचावे. १५ तारखेला लोकसभेने ते संमत केले, २० तारखेला राज्यसभेने. निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यता दिली आणि २८ मार्च १९८९ रोजी दुरुस्ती अमलात आली. मांडले गेले तेव्हा विधेयक बासष्टावे होते, कायदा झाला तो एकसष्टावा. अभ्यासकांना त्यामुळे आजही जुने कागद शोधताना चकवा बसतो. शंकरानंद चिकोडीचे खासदार, म्हणजे आपल्या सीमाभागातले. तरीही मराठी वाचकाला हे नाव या संदर्भात क्वचितच आठवते. श्रेय गेले ते राजीव गांधींना, आणि ते तसे जाणे स्वाभाविकही होते.

संसदेने जे काम आठवडाभरात उरकले, त्याच्यावर एवढे जाड संकलन कशाला, असा प्रश्न हे पुस्तक हातात घेणाऱ्याला पडेल. मला तो पडला होता. संपादकांनी हस्तलिखित पाठवले तेव्हा मी आधी १९८८ ची संसदीय चर्चा वाचली आणि थोडा निराश झालो. वाद असा तिथे फारसा नाहीच. विरोधी बाकांवरच्या अनेकांची ही जुनीच मागणी होती. काही राज्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी अठराची अट आधीच स्वीकारली होती. सरकार म्हणत होते की आजचा तरुण शिकलेला आहे, जागरूक आहे, त्याला आपल्या भावना व्यक्त करण्याची संधी हवी. कोण कशाला नाही म्हणेल? मोर्चा निघाला नाही, कोणी उपोषणाला बसले नाही, आणि कोट्यवधी मुले-मुली मतदार झाली. जो हक्क भांडून मिळवावा लागत नाही त्याच्याविषयी समाज फारसा विचारही करत नाही. वय खाली आणण्याचा निर्णय मला शंभर टक्के योग्य वाटतो. पण तो देताना जे प्रश्न विचारायला हवे होते ते न विचारता दिला गेला, आणि त्याची किंमत अजून चुकती होते आहे, असे माझे मत या पानांनी पक्के केले.

मागे जायला हवे. वयाच्या आकड्यावरून महाराष्ट्रात सगळ्यात कडाक्याचा वाद झाला तो मतावरून नव्हे. १८९१ चे संमतिवयाचे बिल मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणार होते, आणि टिळक-आगरकर, सुधारक-सनातनी यांच्यात त्यावरून जे रण माजले त्याची धग वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत आजही लागते. मताच्या वयावरून तसे काही झाले नाही, कारण मतच मुळी मूठभरांना होते. १९३५ च्या कायद्याखालीसुद्धा मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटी होत्या. सरसकट प्रौढ मताधिकार हीच इतकी मोठी मागणी होती की तिच्यातला ‘प्रौढ’ नेमका किती वर्षांचा, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. मोतीलाल नेहरू समितीने १९२८ मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी एकवीस हा आकडा धरला. सायमन कमिशनच्या वेळी मुंबई प्रांताच्या समितीत असलेल्या डॉ. आंबेडकरांनी सहकाऱ्यांच्या अहवालावर सही न करता १९२९ मध्ये स्वतःचा वेगळा अहवाल दिला आणि प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला. त्यांचा सारा जोर ‘सर्वांना’ या शब्दावर होता. एकवीस हा आकडा इंग्लंडातून आला आणि कोणी न तपासता घटनेत जाऊन बसला.

गंमत अशी की इंग्रजांनीच १८७५ च्या सज्ञानता कायद्याने हिंदुस्थानात अठराव्या वर्षी माणूस सज्ञान ठरवला होता. कोर्टाने पालक नेमलेला असेल तर तेवढे एकवीस. म्हणजे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत एकोणीस वर्षांचा मुलगा बापाच्या माघारी जमीन विकू शकत होता, खरेदीखतावर त्याची सही चालत होती, पण मत देऊ शकत नव्हता. ही विसंगती जवळपास चाळीस वर्षे सुखेनैव नांदली.

कमी वयाच्या मताला विरोध करणारे बहुतेक सगळे एकच शब्द वापरतात: समज. मुलांना समज नसते, ती भुलतात, घरचे सांगतील तिकडे किंवा मित्र ओढतील तिकडे जातात. या आक्षेपाला परदेशातली मानसशास्त्रीय उत्तरे बरीच आहेत आणि त्यांतली काही या संकलनात आहेत. मला मात्र वाटते की भारतापुरते त्याचे उत्तर १९४९ मध्येच देऊन झाले. स्वतंत्र भारतातल्या पहिल्या जनगणनेत साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास निघाली. अशा देशात प्रत्येक प्रौढाला मत देणे हा वेडेपणा आहे असे म्हणणारे कमी नव्हते. संविधान सभेच्या अखेरच्या भाषणात राजेंद्र प्रसादांनी त्यांना सांगितले की आपली माणसे अक्षर ओळखत नसतील, पण त्यांना बुद्धी आहे, व्यवहारज्ञान आहे, आपले हित कशात ते त्यांना समजते. समजेची परीक्षा घेऊन मत द्यायचे नाही, हे या देशाने त्या दिवशी ठरवले. सत्तर वर्षांच्या मतदाराला आपण अर्थसंकल्प कळतो का, असे विचारत नाही. मग तो प्रश्न फक्त सतराव्या वर्षाच्या मुलाला विचारायचा, याला तर्काचा आधार नाही. रेषा कुठेतरी ओढावी लागते हे मान्य. पण ती सोयीची रेषा आहे, शहाणपणाची नाही, एवढे प्रामाणिकपणे कबूल करायला काय हरकत आहे?

शिवाय सरकारला गरज पडते तेव्हा समज आपोआप लवकर येते. दिल्लीतल्या २०१२ च्या बलात्कारानंतर देशभर संताप उसळला आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयातल्या मुलावर, गुन्हा अतिगंभीर असेल तर, त्याची मानसिक कुवत तपासून प्रौढ म्हणून खटला चालवण्याची वाट मोकळी केली. अग्निवीर म्हणून साडेसतराव्या वर्षी भरती होता येते. शिक्षेला आणि सैन्यात भरती व्हायला सोळा-सतरा चालते, मतदान केंद्रात मात्र अठरा पूर्ण झालेले असावे लागतात. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात नेमका हाच मुद्दा निर्णायक ठरला. अठरा वर्षांच्या मुलांची सक्तीची भरती होत होती आणि त्यांना मत नव्हते. १९७१ च्या मार्चमध्ये त्यांच्या काँग्रेसने सव्विसावी दुरुस्ती संमत केली आणि जुलै उजाडेपर्यंत पुरेशा राज्यांनी ती उचलूनही धरली. ब्रिटनने त्याआधीच, १९६९ मध्ये, अठरा हे वय स्वीकारले होते.

आपल्याकडे हा विचार सत्तरच्या दशकात रुजला, आणि त्याचा धागा सासवडला जातो. वि. म. तारकुंडे सासवडचे. रॉयवादी, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, १९६९ मध्ये पद सोडून दिल्लीत वकिलीसाठी गेलेले. जयप्रकाशांनी १९७४ मध्ये निवडणूक सुधारणांसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गुजरातच्या नवनिर्माण आंदोलनाने नुकतेच सरकार पाडले होते. वसतिगृहाच्या खानावळीचे बिल वाढल्याचे निमित्त होऊन सुरू झालेल्या त्या आंदोलनात चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. बिहार पेटले होते. हे सगळे करणाऱ्यांत मताचा हक्क नसलेली मुले मोठ्या संख्येने होती. तारकुंडे समितीने १९७५ च्या सुरुवातीला दिलेल्या अहवालात मताचे वय अठरा करावे अशी शिफारस केली आणि काही महिन्यांतच आणीबाणी आली. तुरुंगात जायला वयाची अट नव्हती. अठरा-एकोणीस वर्षांची जी मुले आत जाऊन आली, त्यांना मार्च १९७७ च्या ऐतिहासिक निवडणुकीत शिक्का मारता आला नाही. तारकुंडे अहवालाचे या संकलनातले मराठी रूप हे पुस्तकाचे सर्वांत मोलाचे पान आहे आणि केवळ तेवढ्यासाठीही ते छापायला हवे होते.

राजीव गांधींनी वय खाली आणले त्या वेळी बोफोर्स गाजत होते, जून १९८८ मध्ये अलाहाबादची पोटनिवडणूक विश्वनाथ प्रताप सिंहांनी जिंकली होती, आणि तरुण पंतप्रधानाला तरुणांची मते हवी होती हे उघड गुपित होते. हेतू शुद्ध नव्हता म्हणून निर्णय वाईट ठरत नाही. १९८४ मध्ये सुमारे ३८ कोटी असलेली मतदारसंख्या १९८९ मध्ये ५० कोटींच्या घरात गेली, यात नैसर्गिक वाढही आलीच. काँग्रेस चारशेच्या वरून १९७ जागांवर आली. नव्या मतदारांनी हे केले का? सांगता येत नाही; मतपेटीत वय पडत नाही. महाराष्ट्रात १९९० च्या विधानसभेत शिवसेना ५२ आणि भाजप ४२ जागांवर गेले, तेव्हाही ‘अठराच्या पोरांनी’ चमत्कार केला असे गावोगावच्या चावड्यांवर ऐकू येत होते. मराठवाड्यातल्या नव्या शाखांवरची गर्दी पाहिली तर ते खोटे वाटत नाही, पण ते सिद्ध करायला कोणाकडे काहीच नाही. पुढे लोकनीतीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे सर्वेक्षणे केली आणि त्यांतून निघाले ते एवढेच की ‘तरुणांचे एकगठ्ठा मत’ अशी चीज भारतात नाही. जात, वर्ग, प्रांत यांनी मतदार विभागला जातो, वयाने फारसा नाही. दर निवडणुकीला ‘युवा मतदार ठरवणार’ असे मथळे देणाऱ्यांनी या सर्वेक्षणांवरचे पुस्तकातले प्रकरण तरी वाचावे.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. १९८८ मध्ये कोणी विचारले नाही की अठराव्या वर्षी भारतातला मुलगा किंवा मुलगी असते कुठे. आपल्याकडे मत माणसाला मिळते ते पत्त्यावर. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम १९ दोन अटी घालते: वय आणि त्या मतदारसंघातला सर्वसाधारण रहिवास. आपण सारा वाद पहिल्या अटीवर घातला, आणि अडते ते दुसरीवर. अठरावे वर्ष हे आपल्याकडे घर सुटण्याचे वर्ष आहे. बारावी झाली की मुलगा लातूर, नांदेड, पुणे, नाहीतर थेट कोटा. पदवी घेता घेता सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, अभ्यासिकेत खुर्ची, एमपीएससीच्या पुढच्या जाहिरातीची वाट. निवडणूक आयोग वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला तिथे नाव नोंदवू देतो, पण त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि संस्थाप्रमुखाचा दाखला लागतो. स्वतःच्या हिकमतीवर अभ्यास करणाऱ्याचा संस्थाप्रमुख कोण? भाडेकरार असतो तो मालकाच्या तोंडी. मग नाव गावीच राहते, बहुधा राहतही नाही, आणि मतदानाच्या दिवशी एसटीच्या तिकिटाचा हिशेब होतो.

मुलींचे आणखी निराळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. उरलेल्यांतही विशीच्या आगेमागे लग्न होणाऱ्या खूप. माहेरच्या यादीत नाव येते तोवर मुलगी सासरी, तिकडच्या यादीत आडनाव बदलून नाव लागायला आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला अशी साखळी. पहिल्या निवडणुकीच्या वेळी मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेला लाखो स्त्रिया ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगत भेटल्या, आणि सुमारे २८ लाख नावे यादीतून वगळावी लागली. त्या स्त्रियांना नाव सांगायचे नव्हते. आजच्या मुलीला नाव आहे, सांगायची लाजही नाही, पत्ता मात्र दर दोन वर्षांनी बदलतो. बीडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांची गोष्ट तर सरळ कॅलेंडरची आहे. २०१९ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात झाली, २०२४ ची नोव्हेंबरात. त्याच सुमारास फड सुरू होतात आणि टोळ्या गाव सोडतात.

२०२४ च्या लोकसभेपूर्वी मतदारयादीत अठरा-एकोणीस वयाचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार होते. त्या वयाच्या लोकसंख्येच्या अंदाजाशी ताडून पाहिले तर निम्म्याहून बरेच कमी. यावर ‘तरुणांना राजकारणात रस नाही’ असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. आयोगाने हातपाय हलवले नाहीत असे नाही. पूर्वी फक्त १ जानेवारी ही पात्रतेची तारीख होती. २०२१ च्या कायद्याने वर्षाला चार तारखा झाल्या आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येऊ लागला. ही चांगली सुधारणा. पण सतराव्या वर्षी मुले जिथे एकगठ्ठा सापडतात त्या कनिष्ठ महाविद्यालयात, बारावीच्या परीक्षा अर्जासोबत, नोंदणीचा अर्जही सक्तीने भरून घेतला जात नाही. प्रात्यक्षिकाच्या वह्या जितक्या काटेकोरपणे तपासल्या जातात त्याच्या चौथाई काटेकोरपणा इथे पुरला असता.

म्हणूनच ऑस्ट्रियाविषयीचे प्रकरण मी दोनदा वाचले. त्या देशाने २००७ मध्ये राष्ट्रीय निवडणुकांसाठी सोळा हे वय केले. अभ्यासकांना तिथे आढळले की सोळा-सतरा वयाच्या मतदारांत मतदान अठरा ते वीस वयाच्यांपेक्षा अधिक होते. कारण उघड आहे: सोळाव्या वर्षी मुले घरी असतात, शाळेत असतात, आसपास मतदान करणारी मोठी माणसे असतात. पहिले मत पडले की सवय लागते. समजेच्या चर्चेत अडकलेल्यांना हा मुद्दा सुचतच नाही. भारतात सोळा करावे का? माझ्या मनात विरोध नाही, घाईही नाही. पण ज्यांना ते हास्यास्पद वाटते त्यांनी इतके तरी ध्यानात घ्यावे की पत्त्याच्या हिशेबाने सोळा हे वय अठरापेक्षा सोयीचे आहे.

स्कॉटलंडने २०१४ च्या स्वातंत्र्य-कौलात सोळा-सतरा वयाच्यांना मत दिले, कारण निर्णयाचे परिणाम सर्वांत जास्त काळ त्यांनाच भोगायचे होते. हे वाचताना मला गोवा आठवला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल की दोन पाने, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, हे ठरले ते ३४,०२१ मतांच्या फरकाने. एकवीसच्या आतल्या गोमंतकीयांना त्यात मत नव्हते. त्यांच्या मताने निकाल फिरला असता की फरक वाढला असता, कोण जाणे. संपादकांनी हा कौल या चौकटीत घेतलेला नाही. दुसऱ्या आवृत्तीत घ्यावा.

आणखी एक गोष्ट पुस्तकात ओझरती येते, ती मी इथे ठासून मांडतो. देशाने अठराव्या वर्षी मत दिले आणि पाचच वर्षांनी, १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने, महाराष्ट्राने महाविद्यालयांतल्या निवडणुका बंद करून गुणवत्तेवर विद्यार्थी प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. मारामाऱ्या होत होत्या, मुडदेही पडले होते, हे खरे. पण याचा अर्थ असा झाला की पंतप्रधान निवडायला पात्र असलेल्या मुलीला आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडता येईना. त्याला टक्केवारी निवडू लागली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद परत आणली, २०१९ मध्ये त्या होणार म्हणून जाहीरही झाले आणि पुढे ढकलल्या गेल्या. इकडे मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसले. २०२१ मध्ये अठरा पूर्ण केलेल्या पुण्याच्या मुलाला आपल्या नळाच्या, रस्त्याच्या, बसच्या कारभाऱ्यांसाठी बोटाला शाई लावून घेण्याची संधी तोवर आलीच नाही. वय अठरा की सोळा याचा काथ्याकूट करण्यापूर्वी निवडणूक वेळेवर घ्या, असे कोणी म्हणाले तर मी त्याच्या बाजूचा.

उमेदवारीच्या वयाचे प्रकरण शेवटी येते आणि ते वाचकाने सोडू नये. मत अठराला, पण ग्रामपंचायत लढवायला एकवीस, विधानसभा-लोकसभेला पंचवीस, विधान परिषद-राज्यसभेला तीस. ऑगस्ट २०२३ मध्ये सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने विधानसभा आणि लोकसभेसाठी हे वय अठरावर आणावे असे सुचवले. निवडणूक आयोगाचे म्हणणे होते की अठराव्या वर्षी लागणारा अनुभव आणि प्रगल्भता असण्याची अपेक्षा अवास्तव आहे. आसामच्या विद्यार्थी आंदोलनातून आलेले प्रफुल्लकुमार महंत १९८५ मध्ये तेहतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले तेव्हाही असेच आक्षेप निघाले होते. त्यांच्या कारभाराविषयी पुढे ज्या तक्रारी झाल्या त्यांत वय हे कारण कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही. मतदार आपला उमेदवार प्रगल्भ आहे की नाही हे ओळखू शकतो, असे मानूनच आपण त्याला मत दिले आहे. मग छाननी आधीच कायद्याने कशाला? आयोगाचा हा युक्तिवाद आणि १९८८ पूर्वीचे एकवीसचे समर्थन शेजारी शेजारी ठेवून वाचावे, म्हणून संपादकांना मी दोन्ही कागद एकाच भागात घ्यायला सांगितले, आणि त्यांनी ते ऐकले.